थांबेल, मी सांगतो

वुल्वेकर्क, ११ मार्च १९८६

फिन्टन,

मायना मुद्दाम गाळलाय. तुला काय म्हणावं ते सुचत नाही, आणि जे सुचतं ते पोस्टमनच्या हाती द्यायची लाज वाटते.

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांनी तुला थोरला भाऊ आठवला. आधी दोन पानं आईची तब्येत, हवा-पाणी, आणि खरं कारण तिसऱ्या पानावर. तेवढा तू अजून आपल्या आयर्लंडातल्या कॅव्हनचाच आहेस. फ्रेंच संघाने तुझा ‘करार वाढवला नाही’ म्हणतोस. काढलं म्हण की सरळ. आणि आता तुला वरची खोली परत हवी, गोदलीव मावशीच्या हातचं सूप हवं, आम्हा हौशी लोकांच्या सायकल शर्यतीत पुन्हा पाय मोकळे करायचेत, आणि त्यासाठी मी आमच्या म्होरक्याकडे, आशीलकडे, तुझ्यासाठी शब्द टाकायचा. तुझी जीभ रेटते तरी कशी रे?

खोली रिकामी नाही. मी आहे तिथे. तुझ्या खाटेवर मी सायकलची चाकं आणि ओले मोजे ठेवतो, आणि ते तिथेच राहणार.

आशीलला मी काहीही विचारणार नाही. तू गेल्यापासून तो माझ्याशी धड बोललेला नाही. कसा बोलेल? तुझ्या आठवणीवर माझा भरवसा नाही, फ्रान्सच्या हवेने बरंच काही धुऊन गेलं असेल, म्हणून काय झालं ते लिहूनच काढतो. वाच.

जून महिना होता. मावशी नुकतीच दवाखान्यातून आलेली. साखरेपायी तिच्या डाव्या पायाची बोटं काढली होती. जिथे शर्यत संपते तिथे तिला जाता येणार नव्हतं, पण शर्यत तिच्या दारावरून जाणार होती. सकाळी निघताना तू तिला सांगितलंस, ‘मावशी, दारात उतरतो, तुझ्या हातची कॉफी पितो, मग पुढे.’ मी पेडलचे पट्टे आवळत होतो, मी ऐकलं. आपण भाडेकरू, तरी पोटच्या पोरासारखं आपल्याला जेवू घालणारी बाई. बाईने चर्चला जायचा झगा इस्त्री करून घातला.

गावच्या माणसाला घोळका पुढे सोडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो पुढे जातो, घरच्यांना भेटतो, आणि घोळका येईपर्यंत सायकल धरून उभा राहतो. तोवर मागचे हळू चालवतात, पाव खातात, शेताच्या कडेला उभे राहून मुततात. कुणी त्याचा गैरफायदा घेत नाही. हा मान परदेशी पोराला त्याआधी कधी मिळाला नव्हता. आपल्याला मिळाला, कारण चार हिवाळे आपण यांच्याबरोबर यांचाच चिखल खाल्ला होता, आणि कारण मावशी सगळ्यांना माहीत होती. निम्म्या घोळक्याने शर्यतीनंतर तिच्या अंगणात बादलीने अंग धुतलेलं.

‘मी पुढे जाऊ?’ असं तू विचारलंस तेव्हा आशीलने तुझ्याकडे बघितलंही नाही. त्याने मला विचारलं. ‘काय रे आयरिश, हा थांबेल ना?’

मी म्हणालो, ‘थांबेल. मी सांगतो.’

तू गेलास. वारा पाठीशी होता. आम्ही रमतगमत चर्चच्या कोपऱ्यावर वळलो तर मावशी कुबडी घेऊन रस्त्यात उभी, तू गेलास त्या दिशेला तोंड करून. आशीलने विचारलं, ‘पोरगं कुठाय?’ ती म्हणाली, ‘गेला.’

मग आम्ही जीव तोडून चालवली. तोंडाला फेस आला, दोघं खड्ड्यात गेले, पण तू काही दिसला नाहीस. तू जिंकलास. फुलं मिळाली, आणि गाडीतून आलेल्या फ्रेंच साहेबाने तुझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी वीटभट्टीच्या कामावरून परत यायच्या आत तू गाशा गुंडाळलेला होतास.

तू गेलास, पण शब्द माझा होता. त्यांनी मला काय केलं हे विचारायची तुला गरज वाटली नाही, तरी सांगतो. त्यांनी माझं नाव ठेवलं ‘थांबेल’. शर्यतीसाठी नाव नोंदवायच्या कॅफेत शिरलो की टेबलावरून आवाज येतो, ‘थांबेल आला.’ मी पुढे निसटलो की आशील एक माणूस माझ्या चाकाला चिकटवून पाठवतो, तो एकदाही पुढे येऊन वारा अंगावर घेत नाही, नुसता मागे बसून शीळ घालतो. वारा आडवा सुटला की सगळे तिरकी रांग धरतात, आणि शेवटची जागा माझी, गटाराच्या काठावर, जिथे कुणाचा आडोसा मिळत नाही. पंक्चर झालं तर कुणी चाक देत नाही. दोन मोसम मी असाच चालवतोय. तू असतास तर आठवड्यात पळाला असतास.

मी का नाही पळालो, ते तुला कळणार नाही. मावशीला आणखी कुणी नाही.

लॉर्कन

ता. क. तिला तुझं पत्र आल्याचं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.


वुल्वेकर्क, ६ एप्रिल १९८६

फिन्टन,

गरज पडली की पोस्टसुद्धा धावतं, हे तुझ्यामुळे कळलं.

म्हणजे मावशीनेच तुला ‘जा, जा’ म्हणून हात केला, आणि म्हणून तू थांबला नाहीस? वा. दोन वर्षं हे कुठे ठेवलं होतंस? वाचून माझं डोकं असं फिरलं की मी तडक शेजारच्या इर्माकडे गेलो. पावाचं दुकान सोडून ती त्या दिवशी मावशीशेजारीच उभी होती, हे तू विसरलास.

इर्मा पिठाचे हात पुसत म्हणाली, ‘हात केला? कुठला हात? तिच्या एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात कॉफीचा वाडगा. मी म्हटलं द्या इकडे, सांडेल. तर नाही. माझ्या हातूनच देणार म्हणाली. पोरगं आलं तसं गेलं, आणि अर्धी कॉफी बाईच्या झग्यावर.’ मग माझ्याकडे डोळे बारीक करून म्हणाली, ‘तुमच्या आयर्लंडात दोनाहून जास्त हात असतात वाटतं.’

हे घे तुझं उत्तर. पुन्हा खोटं बोलायचं असेल तर शेजारीपाजारी मोजून बोल.

मावशीला मी विचारलं नाही. विचारून काय करू? ती तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. तिची नजर जवळजवळ गेली आहे आता. उजेड कळतो, समोर कुणी उभं आहे एवढं कळतं. तू पाठवतोस ती डोंगरांची कार्डं मी वाचून दाखवतो. त्यावर तू काय लिहितोस? ‘हवा छान आहे. फिन्टन.’ मी वाचतो: ‘मावशी, पायाला जप. गोड खाऊ नकोस. तुझ्या सुपाची आठवण येते.’ ती म्हणते, ‘बघ, आठवण आहे त्याला.’ हे मी तुझ्यासाठी करतो असं समजू नकोस. कार्ड आलं त्या दिवशी ती पोटभर जेवते, म्हणून करतो. दर वेळी वाचताना मला तुझं मुस्काट फोडावंसं वाटतं.

ईस्टरच्या सोमवारी शर्यत होती. जत्रा, गोड भजी तळणारे, बँड, सगळा गोंधळ, आणि समुद्रावरून येणारा वारा. मी शेवटच्या फेरीला तिघांबरोबर पुढे होतो. आशील मागून आला, माझ्या कोपराला कोपर लावून म्हणाला, ‘तू कशाला जीव काढतोस, थांबेल? तुमच्या घरात पुढे जायचं काम धाकटा करतो.’ बाकीचे फिदीफिदी हसले. मी पाय ढिले सोडले आणि एकटा मागे आलो. घरी आल्यावर मावशीने विचारलं, ‘कितवा आलास?’ म्हटलं, ‘मधेच कुठेतरी.’

आता नीट ऐक. तुझी गयावया वाचून मला दया आलेली नाही. पण तिची नजर पुरती जायच्या आत एक गोष्ट कर. ती जूनमधली शर्यत यंदा पुन्हा आपल्या गल्लीतून जाणार आहे. ये. नाव नोंदव. आशीलकडे मी जाईन, नाक घासीन, काय करायचं ते करीन. तू फक्त दारात उतर, कॉफी पी आणि उभा राहा. मग खोली तुझी, सूप तुझं. मी तुझ्याशी बोलणार नाही, पण खाटेवरची चाकं उचलीन.

हो की नाही, एवढंच कळव.

लॉर्कन


वुल्वेकर्क, २९ मे १९८६

फिन्टन,

तुझं ‘हो’ एप्रिलमध्ये आलं होतं. चार ओळींचं होतं, पण ‘हो’ होतं. मी मावशीला सांगितलं, ‘फिन्टन येतोय, दारात उतरणार.’ तिने चमचा खाली ठेवला. ‘नक्की?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘येईल. मी सांगतो.’

पुन्हा तेच शब्द. तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

आणि काल तुझं हे. इटलीतल्या कुठल्याशा संघात जागा निघाली, जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय, ‘अशी संधी परत येत नाही, तू समजून घेशील, मावशीलाही नीट समजाव.’

मी नाही समजावणार. तूच समजाव, नाही तर तुझ्या त्या इटलीतल्या साहेबाला पाठव. बाईने इर्माकडून दाराचा उंबरा घासून घेतलाय. केस कापून घेतले. कॉफीचा तोच वाडगा काढून ठेवलाय, आणि रोज सकाळी मला विचारते, ‘त्याला साखर किती लागते रे? मी विसरले.’ तिच्या तोंडावर मी काय सांगू?

तू आमच्या अंगणात आलास तेव्हा तुला सायकलचं चाक नीट बसवता येत नव्हतं. आडव्या वाऱ्यात कसं चालवायचं हे मी शिकवलं. आजारी होतास तेव्हा या बाईने तुझी ओकारी काढली. आणि तुला या दारात पाच मिनिटं उभं राहता येत नाही. तू किती जोरात चालवतोस याचं मला काडीचं कौतुक नाही. जो जो माणूस तुझी वाट बघतो त्याच्याजवळून तू जोरातच जातोस.

पहिल्यांदा तुझ्यासाठी शब्द दिला तेव्हा गाढव होतो. दुसऱ्यांदा दिला, त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही.

पत्र पाठवू नकोस. आलं तर चुलीत जाईल.

लॉर्कन


वुल्वेकर्क, १६ जून १९८६

फिन्टन,

हे शेवटचं. तुला कळायला हवं म्हणून लिहितोय, नाही तर माझी शाई काही उतू चाललेली नाही.

मी तिला सांगितलं नाही. रोज ठरवायचो, रोज ती साखरेचं विचारायची आणि मी म्हणायचो, ‘दोन चमचे.’ शर्यतीच्या सकाळी तिने तोच चर्चचा झगा घातला, डाग अजून आहे त्यावर, तिला दिसत नाही. दारात खुर्ची टाकून बसली. मला म्हणाली, ‘दोघं बरोबर या.’ मी पेडलचे पट्टे आवळले आणि निघालो.

डोक्यात एकच होतं, की आपणच उतरायचं आणि तिला खरं सांगायचं. म्हणायचं, मावशी, तो आला नाही, येणार नाही, मी आलोय, शिव्या घाल. पण त्यासाठी पुढे जायला हवं होतं. आणि पुढे मला कोण सोडणार?

गावाच्या अलीकडे, कालव्याच्या पुलावर, मी आशीलच्या बाजूला गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा.

‘मला पुढे सोड,’ म्हटलं. ‘मावशी दारात बसलीय.’

घोळक्यात हशा पिकला. कुणीतरी मागून ओरडलं, ‘थांबेल म्हणतो मी थांबेन.’ एक जण म्हणाला, ‘याच्या भावाला विचारा, हा थांबेल का.’ आशील हसला नाही. तो दुधाची गाडी चालवतो, रोज पहाटे मावशीच्या उंबऱ्यावर बाटली ठेवतो, तिची दशा त्याला माझ्याइतकीच ठाऊक.

‘जा,’ म्हणाला. ‘पण आम्ही कुणी मुतायला थांबणार नाही. पूर्ण जोराने मागे येतोय. दारात नसलास तर या परगण्यात पुन्हा सायकलवर बसायचं नाही.’

मी गेलो. खरं सांगतो, पुलाच्या पलीकडे रस्ता मोकळा, वारा पाठीशी, पाय हलके, आणि मागे कुणी दिसत नाही. त्या वेळी तुला काय वाटलं असेल ते मला कळलं. एवढंच कळलं, माफ काही केलं नाही. चर्चच्या कोपऱ्यावर मी ब्रेक दाबले.

दारात उतरलो. सायकल भिंतीला लावली. बँड जोरात वाजत होता, लोक ओरडत होते. मी वाकून तिच्या समोर आलो. धाप लागली होती. अंगाला मालिशचं तेल चोपडलेलं. घरात मी तिला भट्टीच्या धुरावरून ओळखू येतो, त्या दिवशी तो वास नव्हता. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

‘आलास फिन्टन,’ म्हणाली.

मी म्हणालो, ‘मावशी,’ आणि थांबलो. आवाज आपला दोघांचा सारखाच. फोनवर आईसुद्धा चुकायची.

‘त्या दिवशी घाई होती ना तुला. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. लॉर्कन म्हणालाच होता, येईल म्हणून. तो उगाच काही बोलत नाही.’

इर्मा शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. तिने तोंड उघडलं, आणि मी मान हलवली.

मी म्हणालो, ‘हो मावशी. मी आलो.’

तिने वाडगा दिला. दोन चमचे साखर. मला साखर चालत नाही, तुला माहीत आहे. मी सगळी प्यालो. तेवढ्यात घोळका वळणावर आला, सगळे दांड्यावर वाकलेले, दात-ओठ खाऊन मला पकडायला निघालेले. आणि मी उंबऱ्यावर कॉफी पितोय. आशीलने हात वर केला. सगळा घोळका मंद झाला, पेडल थांबले, नुसता चाकांचा आवाज. तो जवळून जाताना टोपीला हात लावून म्हणाला, ‘नमस्कार, मादाम गोदलीव.’ आणि मला म्हणाला, ‘चल लॉर्कन, वाडगा ठेव.’ माझं नाव घेऊन.

मी सायकलवर बसलो. पुढच्या वळणावर वारा आडवा झाला तेव्हा रांगेत मधली जागा मिळाली. मागून कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. मी विसाव्या नंबरावर आलो असेन. रडत होतो, ते घामात खपून गेलं.

संध्याकाळी मी आंघोळ करून, कपडे बदलून स्वयंपाकघरात आलो. मावशी बटाटे सोलत बसली होती, गुणगुणत होती. मला म्हणाली, ‘फिन्टन येऊन गेला. कॉफी प्याला. जाडा झालाय थोडा. तू कुठे होतास रे?’

म्हटलं, ‘मी मागे होतो, मावशी.’

‘तू सदा मागेच,’ म्हणाली, आणि माझ्यापुढे ताट सरकवलं.

तर असं आहे. इथे तुझ्या नावावर आता काही बाकी नाही, सगळं मी फेडलं, आणि त्याचं श्रेयही तुलाच मिळालं. ते घे आणि इटलीत मजा कर. तिथूनही काढतील तुला कधीतरी. तेव्हा ही खोली, हे सूप आठवेल, आणि वाटेल की आता जावं, दारात उतरावं, माफी मागावी. येऊ नकोस. तिच्या लेखी तू येऊन गेलास.

लॉर्कन